सोलापूरहून बोटीने चौल-रेवदंडा: आधी पंचांग उघडा, मग तिकीट काढा

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलंय: "गड्ड्याची जत्रा झाली की जानेवारीअखेर चार दिवस मोकळे मिळणार आहेत. मुंबईहून बोटीने अलिबाग आणि तिथून चौल-रेवदंडा बघावं असं माझ्या मनात आहे. घरात मी, मिस्टर, नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुलं आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना पाण्याची भीती वाटते. मिस्टर म्हणतात, बोटीचा खटाटोप कशाला, गाडी काढू आणि सरळ जाऊ. बोट खरंच करण्यासारखी आहे का? जंजिरा पण त्यातच होईल का?"

ताई, अठरा वर्षं मी सोलापूरहून पंधरा-वीस जणांचे छोटे गट कोकणात नेतोय. तुमचा प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा तरी मला कोणीतरी विचारतंच. सगळ्यांना वाटतं की भांडण बोट आणि गाडीचं आहे. माझा अनुभव वेगळा आहे. खरे प्रश्न दोन: कुठल्या तिथीला जायचं, आणि घरातल्या कोणाला बोटीत चढता-उतरता येईल. बोटीत बसून राहणं कोणालाही जमतं. अडचण येते ती काठावर, पाय उचलताना. हे दोन ठरले की बाकीचं आपोआप बसतं.

मिस्टरांचं म्हणणं आधी घेतो, कारण ते चुकीचं नाही. सोलापूर ते अलिबाग पुणे-खोपोली-पेणमार्गे चारशे किलोमीटरच्या आसपास पडतं. पहाटे निघालात तर दुपारी जेवायला पोचाल. वेळ वाचवणं एवढाच हेतू असेल तर गाडी घ्या, मी वाद घालणार नाही. पण पोचल्यावर गाडी चालवणारा माणूस दमलेला असतो, पेण-वडखळच्या गर्दीने वैतागलेला असतो, आणि चौथ्या दिवशी तेच सगळं उलट्या दिशेने करायचंय हे त्याच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून फिरत असतं. रेल्वे आणि बोट असा बेत केला तर प्रवासाची रात्र झोपेत जाते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसला रात्री बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं. तिथून टॅक्सीने थोड्याच वेळात बोटीचा धक्का, आणि तासाभरात मांडवा, म्हणजे अलिबागकडचं बंदर. वंदे भारत २०२३ पासून सुरू झाली, ती चांगली आहे, पण ती मुंबईत दुपारी सोडते. म्हणजे अर्धा दिवस गेला आणि समुद्राची शांत वेळही गेली. या बेताला सिद्धेश्वरच बरी.

शांत वेळ म्हणजे काय ते सांगतो, कारण सासूबाईंची भीती आणि मुलांच्या उलट्या, दोन्ही त्यावर अवलंबून आहेत. किनाऱ्यावर दुपार होत आली की जमीन तापते आणि समुद्रावरून वारा सुटतो. तो जसजसा वाढतो तसतशा पाण्यावर छोट्या-छोट्या लाटा उठतात आणि बोट डुलायला लागते. सकाळी तोच समुद्र आपल्या कंबर तलावासारखा निवांत असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळची बोट घेतली तर पोटात ढवळणारे लोक मला फार क्वचित भेटले. एप्रिल-मेची दुपारची बोट घेतली तेव्हा मात्र पिशव्या वाटत फिरलोय. आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. जून ते ऑगस्ट गेटवेच्या प्रवासी बोटी बंद असतात, जंजिऱ्याच्या होड्याही बंद. कारण नसताना नव्हे. याच पाण्यात १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. अलिबागकडच्या जुन्या घरांत अजून तो विषय निघाला की आवाज खाली जातो.

आता तिथी. किनाऱ्यावरच्या सहलीचं सगळं गणित भरती-ओहोटीवर चालतं, आणि त्यासाठी लागणारं पुस्तक तुमच्या देवघराशेजारी खिळ्याला लटकलेलं असणार. दाते पंचांग निघतं आपल्याच सोलापुरातून. दोन-अडीचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही, 'चौपाटी' म्हटलं की आपल्याला पार्क चौकातली भेळ आठवते, आणि समुद्राचं वेळापत्रक मात्र आपल्याच गावात छापून होतं! मला याची गंमत वाटते.

कोळी लोकांचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास आणि रात्री. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भर दुपारी पाणी काठाला. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. प्रत्यक्षात पाणी या हिशोबापेक्षा अर्धा-पाऊण तास मागे असतं. म्हणून नेमकी वेळ निघण्याआधी भरतीच्या कोष्टकात बघायची, आणि किनाऱ्यावर गेल्यावर घोडागाडीवाल्याला विचारायची. पण तारीख ठरवायला पाऊणपट पुरेशी आहे. दर दिवशी वेळ पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते एवढं लक्षात ठेवा.

याचं काम काय पडतं? अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात उभा आहे, किनाऱ्यापासून दीड-दोन किलोमीटर. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, भरतीला तो बेट होतो. २००७ मध्ये माझ्या दुसऱ्याच सहलीत मी अठरा माणसं पौर्णिमेच्या शनिवारी नेली. का, तर शनिवार होता आणि चांदणं छान पडेल असं वाटलं. दुपारी बाराला किनाऱ्यावर उभे राहिलो तर किल्ल्याच्या पायथ्याशी पाणी आपटतंय. अठरा माणसांनी सव्वा तास भुट्टा खात किल्ल्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. एक आजोबा मला म्हणाले, "तुला कुणी सांगितलं नव्हतं व्हय, की समुद्राला रविवार नसतो?" तेव्हापासून मी तारीख ठरवताना वार बघत नाही, आधी तिथी बघतो.

तिथीत आणखी एक बारकावा आहे, तो पाऊणपटीच्या हिशोबात दिसत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: भरतीला पाणी खूप चढतं, पण ओहोटीला तितकंच लांब हटतं. या दिवसांत चढ-उतारातला फरक चार मीटरच्या आसपास जातो. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो: पाणी चढतंही कमी आणि हटतंही कमी. म्हणून अष्टमीला ओहोटी सोयीच्या वेळी, दुपारी बाराला, आली तरी वाटेत गुडघाभर पाणी राहू शकतं. पौर्णिमेला वाट कोरडी पडते, पण ती सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी. दोन्हींचा मेळ बसतो द्वितीया ते पंचमी या दिवसांत, कुठल्याही पक्षात. पाणी चांगलं मागे जातं आणि ओहोटी सकाळी आठ ते दहाच्या मध्ये येते. चहा-पोहे खाऊन निघायचं, ऊन चढायच्या आत परत. माझ्या सगळ्या अलिबाग-चौल सहली आता याच चार तिथ्यांत असतात. तुम्हीही जानेवारीअखेरच्या या चार तिथ्या शोधा. त्यात २६ जानेवारीची सुट्टी येत असेल तर पुढचा पक्ष धरा, कारण त्या दिवसांत सगळी मुंबई तिथे असते.

आणि इथेच एक पेच येतो, जो मला सासूबाईंसारख्या मंडळींमुळे शिकावा लागला. गेटवेला बोटीत बसायला दगडी पायऱ्या उतराव्या लागतात. भरतीला बोट वरच्या पायरीशी येते, ओहोटीला बऱ्याच पायऱ्या खाली, आणि खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या, ओल्या. म्हणजे किल्ल्याला ओहोटी हवी आणि गेटवेच्या पायऱ्यांना भरती! तुम्ही द्वितीया-तृतीयेच्या सकाळी मुंबईत उतरणार, तेव्हा नेमकी ओहोटी. दुखऱ्या गुडघ्यांना ते नको. म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर स्वच्छ आहे: गेटवेची बोट सोडा, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो घ्या. २०२० पासून ती सुरू आहे. मोठं जहाज आहे, गाड्याही आत जातात, त्यामुळे चढायला उतरता सपाट रस्ता आहे, पायरीवरून उडी मारायची नाही. जहाज मोठं म्हणून हलतंही कमी. सासूबाईंना आत खुर्चीवर बसलं की आपण एसटीच्या शिवशाहीत बसलोय असं वाटेल. तिकीट घरूनच काढून ठेवा आणि वेळापत्रक आदल्या दिवशी पुन्हा तपासा, ते ऋतूप्रमाणे बदलतं.

घरात कोणाचे गुडघे दुखत नसते तर मी गेटवेचीच बोट सांगितली असती, हेही कबूल करतो. ती स्वस्त पडते, वरच्या उघड्या मजल्यावर बसता येतं, हिवाळ्यात कुरव पक्षी बोटीबरोबर उडत येतात, मागे गेटवे आणि ताजची इमारत लहान-लहान होत जाते. काही कंपन्यांच्या तिकिटात मांडव्यापासून अलिबागपर्यंतची बसही धरलेली असते. (कुरवांना फरसाण घालू नका. सगळे घालतात म्हणून आपणही घालायचं असं नाही.) डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीचा अपघात झाला तेव्हापासून लाइफ जॅकेटकडे लोक गंभीरपणे बघायला लागले. कुठल्याही लहान बोटीत बसलात, जंजिऱ्याच्या होडीतसुद्धा, तर ते मागून घ्या आणि मुलांच्या अंगावर नुसतं टाकू नका, पट्टे आवळून बांधा. मुलं "चिकटतंय" म्हणतील. म्हणू देत.

पोटाचं थोडं. रिकाम्या पोटी बसू नका आणि वडापाव-मिसळ खाऊनही बसू नका. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी या कामाला जगात भारी: कोरडी, हलकी, सांडत नाही. ज्यांना एसटीच्या घाटात त्रास होतो त्यांना बोटीतही होऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फुकट जाते. बोटीच्या मधल्या भागात बसावं, मोबाइल खिशात ठेवावा आणि लांब क्षितिजाकडे बघावं. सासूबाईंना खिडकीशी बसवा. "पाणी बघू नका" असं म्हणू नका. बाहेर नजर स्थिर राहिली की भीतीही कमी होते आणि मळमळही. दक्षिणेकडे स्वच्छ हवेत खांदेरीचं बेट दिसतं. ते २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक. मुलांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ती शोधत बसतील आणि भांडणार नाहीत.

मुक्काम कुठे? अलिबागमध्ये नको, रेवदंड्यात किंवा चौलात करा. अलिबागपासून सतरा-अठरा किलोमीटर. अलिबाग आता शनिवार-रविवारचं गाव झालंय. चौल-रेवदंडा अजून नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांचं गाव आहे, जिथे संध्याकाळी दिवे लागले की घरातून आरतीचा आवाज रस्त्यावर येतो. घरगुती राहण्याच्या सोयी भरपूर आहेत. शाकाहारी असाल तरी काळजी नको: वालाचं बिरडं, आंबोळ्या, सोलकढी, सांगितलं तर उकडीचे मोदक. जानेवारीत गेलात तर पोपटी चुकवू नका. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा ठेवून, मडकं उलटं करून वर जाळ घालतात. शाकाहारी पोपटी आधी सांगितली की करून देतात. आणि येताना अलिबागचा पांढरा कांदा आणा, वेणीसारखा गुंफलेला मिळतो. आपल्या चादरीसारखंच त्याला भौगोलिक मानांकन आहे.

चौलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक तिथून गाडी न थांबवता जंजिऱ्याला पळतात आणि मला ते बघवत नाही. सोलापूरच्या माणसाचं या बंदराशी जुनं नातं आहे. आपल्यापासून दीड-दोन तासांवर तेर आहे, जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात तगरहून कापड गाड्यांवर लादून पश्चिमेच्या बंदराकडे, भडोचला, जात असल्याची नोंद आहे, आणि त्याच किनाऱ्यावरच्या बाजारपेठांत चौलचंही नाव येतं. पुढे १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. घोडा विकून पैसे करायचे होते. जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडाच काढून घेतला, मग मिनतवाऱ्या करून परत मिळवला आणि तो बिदरला गेला, बहमनींच्या राजधानीत. रेवदंड्यात त्याच्या नावाचं स्मारक आहे. मुलांना तिथे घोड्याची गोष्ट सांगा, चौल त्यांच्या लक्षात राहील.

आणि चांदबीबी. आपला भुईकोट किल्ला तिच्या लग्नात आंदण म्हणून निजामशाहीकडून विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. त्या लग्नाची पुढची गोष्ट चौलात घडली. १५७०-७१ मध्ये तिचा भाऊ मुर्तझा निजामशहा पोर्तुगीजांचं चौल वेढून बसला होता आणि त्याच वेळी तिचा नवरा अली आदिलशहा गोवा वेढून बसला होता. मेहुण्या-मेहुण्यांनी दोन्हीकडून एकदम जोर लावला, आणि दोन्ही ठिकाणी हात हलवत परतले. भुईकोटाची तटबंदी रोज बघणाऱ्या माणसाने रेवदंड्याचा तट बघितला की हे सगळं एकाच पटावरचं आहे हे कळतं. रेवदंड्याचा तट असा मोडलाय की गावाचा रस्ताच त्याच्या दारातून जातो. आत वाड्या आहेत, माड आहेत, मधूनच पोर्तुगीज चर्चची भिंत उभी आहे, आणि सातखणी म्हणतात तो उंच मनोरा. तटाबाहेर काळसर वाळूचा किनारा. सासूबाईंना इथे काहीही चढावं लागत नाही. वसई १७३९ मध्ये पडली, त्याच्या पुढच्या वर्षी चौल-कोर्लई मराठ्यांकडे आलं.

चौलचं रामेश्वर मंदिर मात्र सासूबाईंसाठीच आहे असं समजा. समोर मोठी पुष्करणी, कौलारू सभामंडप, सावली. सभामंडपात जमिनीखाली तीन कुंडं आहेत: अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड. पाऊस फार ओढ द्यायचा तेव्हा पर्जन्यकुंड उघडत. मी दर सहलीत हे सांगतो आणि दर वेळी आपल्याकडचं कोणीतरी म्हणतंच, "मग अक्कलकोट-मंगळवेढ्याला एक न्या की उचलून." हसण्यावारी न्यायचं, पण एवढा पाऊस पडणाऱ्या कोकणातही पावसासाठी कुंड राखून ठेवलंय हे बघून आपल्या माणसाला जरा बरं वाटतं. दत्ताचं देऊळ टेकडीवर आहे, शेकडो पायऱ्या आहेत. तुम्ही आणि मुलं सकाळी जाऊन या, सासूबाईंनी रामेश्वरालाच बसावं.

कोर्लई खाडीपलीकडे. रेवदंड्याच्या पुलावरून पुढे जायचं, दीपगृहाच्या बाजूने चढलं तर वीस मिनिटांत किल्ला. तेरा वर्षांचा मुलगा पळत जाईल. वरून एका बाजूला कुंडलिका खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे डोंगराची चिंचोळी सोंड. निजामशाहीने इथे बांधकाम केलं आणि १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी ते घेतलं. खालच्या कोर्लई गावात ख्रिस्ती मंडळी अजून घरात 'नौ लिंग' बोलतात, पोर्तुगीज आणि मराठी मिसळून चारशे वर्षांत तयार झालेली बोली. आपल्या पूर्व भागात घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारी माणसं आपण रोज बघतो, म्हणून सोलापूरकराला याचं नवल इतरांपेक्षा कमी वाटावं. तरी कान देऊन ऐका. मात्र त्यांना "बोलून दाखवा" म्हणू नका, ती काही करमणूक नव्हे.

जंजिरा? होईल, पण सगळ्यांचा नाही. रेवदंड्याहून मुरूड तास-सव्वा तास, पुढे राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ला. होडीचा प्रवास छान आहे, इंजिनाचा आवाज नाही. पण किल्ल्याच्या दरवाजाशी होडी वर-खाली होत असते आणि त्या क्षणी पायरीवर पाय टाकावा लागतो. होडीवाले हात धरतात, सवयीचे आहेत, तरी दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला मी तिथे नेत नाही. एकदा नेलं होतं. एका काकूंचा पाय पायरी आणि होडी यांच्यामध्ये जाता-जाता वाचला. त्या हसल्या, मला रात्रभर झोप आली नाही. शिवाय आत होडीवाले ठरावीक वेळच देतात, पाऊण तासाच्या आसपास, आणि कलालबांगडी तोफेपाशी फोटो काढेपर्यंत ती संपते. तुमच्यापैकी एकाने मुलांना घेऊन जावं, दुसऱ्याने सासूबाईंबरोबर मुरूडच्या किनाऱ्यावर शहाळं प्यावं. हे जमत नसेल तर जंजिरा यावेळी सोडा. तिथे एक पूर्ण दिवस जातो, आणि तो दिवस चौलातून कापावा लागतो.

हे सगळं एकत्र बांधलं तर तुमचा बेत साधारण असा होतो. तृतीयेच्या सकाळी मुंबईत उतरायचं, रो-रोने मांडवा, तिथून भाड्याच्या गाडीने थेट रेवदंडा. दुपारी झोप, संध्याकाळी रामेश्वर आणि समुद्र. चतुर्थीला लवकर अलिबाग, ओहोटी नऊ-साडेनऊची. ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागायचं आणि ओहोटीनंतर तासाभरात परत किनाऱ्यावर यायचं, हा नियम किल्ला कितीही आवडला तरी मोडायचा नाही. सासूबाईंना घोडागाडी. आत गोड्या पाण्याची विहीर आणि १७५९ चं गणपतीचं देऊळ आहे, त्यामुळे त्या खूश होतील. भोवती खारं पाणी आणि मधे गोडी विहीर हे मुलांना समजावून सांगा. परत येताना गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी, ते १७२९ मध्ये गेले. अलिबागला एक चुंबकीय वेधशाळाही आहे; मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये कुलाब्याहून इकडे आणली. बाहेरूनच बघायची. दुपारनंतर रेवदंड्याचा तट. पंचमीला कोर्लई किंवा जंजिरा, दोन्ही नाही. षष्ठीला दुपारपर्यंतच्या बोटीने मुंबई आणि रात्रीची सिद्धेश्वर.

परतीच्या दिवशी शेवटची बोट कधीच धरू नका. वारा वाढला किंवा तांत्रिक काही निघालं तर ती रद्द होते, आणि मग पेणमार्गे रस्त्याने मुंबई गाठताना रेल्वे सुटते. माझी एकदा अशी सुटली आहे, सतरा तिकिटं, आणि रात्री दादरला खासगी बसवाल्याने जो भाव सांगितला तो मी अजून घरात सांगितलेला नाही. दुपारची बोट घेतली आणि ती रद्द झालीच, तर रस्त्याला पाच-सहा तास हातात राहतात.

खर्च किती ते तुमच्या मुक्कामावर ठरेल, पण एक गोष्ट खात्रीने सांगतो: पाच माणसांसाठी रेल्वे, रो-रो आणि तिथल्या भाड्याच्या गाडीचे पैसे घरच्या गाडीच्या डिझेल-टोलपेक्षा जास्त होतील. मिस्टर हा हिशोब काढतीलच, म्हणून आधीच कबूल करून टाका. एसटीने फिरलात तर बराच कमी होतो. अलिबाग-रेवदंडा-मुरूड रस्त्याला गाड्या आहेत. पण सासूबाई आणि सामान बघता एका दिवसाची तरी गाडी ठरवा.

सामानात प्रत्येकाला वाळूत आणि पाण्यात घालता येतील अशा पट्ट्याच्या चपला हव्यात, कुलाब्याच्या वाटेत खडक आणि कालवांचे धारदार शिंपले आहेत. अनवाणी चाललेला मुलगा हमखास पाय कापून घेतो. सासूबाईंसाठी काठी, घरी वापरत नसल्या तरी. एक सोलापुरी चादर जास्तीची घ्या: रात्रीच्या एसी डब्यात उपयोगी पडते आणि संध्याकाळी वाळूवर अंथरायला तिच्यासारखं काही नाही. आणि एक रिकामी बाटली. आमच्या गटातल्या पूर्व भागातल्या एक आजी होत्या, आयुष्यभर विड्या वळल्या, समुद्र पहिल्यांदा बघत होत्या. त्यांनी रेवदंड्याला बाटलीभर समुद्राचं पाणी घेतलं. मी विचारलं, कशाला? म्हणाल्या, "शेजारणीला चव दावायचीय, नायतर म्हणंल खारं नसतंय." त्यानंतरच्या प्रत्येक सहलीत कोणीतरी ऐनवेळी बाटली शोधत फिरतं, म्हणून आता मीच चार रिकाम्या घेऊन जातो.

तिथ्या ठरल्या की इथेच लिहा. ओहोटीची नेमकी वेळ काढून देतो, आणि त्यावरून मांडव्याहून कितीला निघायचं तेही सांगतो.